बोटं खाली हायत, वर काय बघू?

देवा, हिंगोलीच्या त्या केंद्राने मला फसवलं आणि मी तुला फसवलं. दोन्ही सौदे माझ्याच हाताने झाले, त्यामुळे कुणाचा दोष किती हे मला कुणी शिकवू नये. पण तुला जाऊन दहा दिवसही झाले नव्हते, तेव्हा त्यांनी तुला आणखी एकदा फसवायला काढलं. ते मी चालू देणार नाही, एवढं सांगायला हे लिहितोय.

जीपवाल्याने खबर आणली. "दादा, देवाचा फोटो लागून राहिला तिथं. चांगला मोठा." मी अंगावरच्या कपड्यांनिशी उठून गेलो. केंद्राच्या जिन्यापाशी फ्लेक्स लावलेला. भावपूर्ण श्रद्धांजली, खाली तुझं पूर्ण नाव, देविदास, आणि त्याच्याही खाली लाल अक्षरांत: 'आमच्या सामाजिक कौशल्य वर्गाचे यश. बैलबाजारातील नामवंत मध्यस्थ.' फोटोत तू पांढऱ्या शर्टात, केस तेल लावून बसवलेले, सरळ समोर बघतो आहेस. येणारे जाणारे थांबून म्हणत होते, बघा, कसा डोळ्याला डोळा देऊन बघतो.

मला तिथे उभ्या उभ्या हसू फुटलं. सुतकातला माणूस हसतोय म्हणून पानटपरीवाला वाकून बघायला लागला. पण तो फोटो काढला तेव्हा मी तिथे होतो ना. केंद्राच्या मॅडमनी आपल्या कपाळाची टिकली काढून मोबाइलच्या कॅमेऱ्याशेजारी चिकटवली होती. आणि परतताना जीपमध्ये तू मला म्हणाला होतास, "दादा, मी टिकलीकडं बघतो. मॅडमच्या कपाळावर पन टिकलीच बघतो. त्यांना वाटतं डोळ्यात बघून राहिलो." दोन वर्षं त्यांनी वहीत तुझ्या नावापुढे तारे चिकटवले आणि दोन वर्षं तू टिकली बघितलीस. वा रे पठ्ठ्या! एवढी सफाई मला वीस वर्षं दलाली करून आली नाही.

हसणं थांबल्यावर मात्र माझं डोकं फिरलं. बैलबाजारात तू जे नाव कमावलंस ते त्यांच्या वर्गामुळे नाही. त्यांचा वर्ग सोडल्यामुळे कमावलंस. आणि आता तू उठून बोलायला नाहीस, म्हणून ते नाव त्यांच्या दारावर टांगलं गेलं.

सुरुवात माझ्यापासून झाली, तेही सांगतो. तू एकोणीस वर्षांचा असताना शिबिरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, ह्याला स्वमग्नता आहे. तू विचारलंस, "म्हंजे काय?" ते म्हणाले, स्वतःतच मग्न असणं. "मी स्वतःत कुठं मग्न हाय?" तू म्हणालास, "मी बैलात मग्न हाय." डॉक्टर हसले, पण कागदावर लिहायचं ते लिहिलंच. तो शब्द तुला शेवटपर्यंत पटला नाही. ऑटिझम म्हटलेलं चालायचं. "त्याचा अर्थ इथं कुणालाच माहीत न्हाई," तू म्हणायचास, "म्हनून कुणी चुकीचा पन लावत न्हाई."

मग कुणीतरी केंद्राचं नाव सांगितलं. मॅडम म्हणाल्या, सहा महिन्यांत मुलगा डोळ्यात बघून बोलायला लागेल. मी म्हणालो, चार. त्या म्हणाल्या, पाच तरी लागतील भाऊ. मी उठून दारापर्यंत गेलो, बाजारात जातो तसा. त्यांनी हाक मारली. चारवर सौदा ठरला. मी तांड्यावर फुशारकीने सांगत आलो की दोन महिने कमी करून आणले. तू शेजारच्याच खुर्चीवर बसला होतास, देवा. तुला एका शब्दाने विचारलं नाही. बैल विकतानासुद्धा मी एकदा त्याच्या तोंडाकडे बघतो.

माझंही काही म्हणणं होतं, ते ऐकून घे. बाप गेला तेव्हा तू सात वर्षांचा आणि मी सतरा. बाजारात कासरे आणि घुंगरमाळा विकता विकता मी दलाल झालो, तो माणसांचे डोळे वाचून. गिऱ्हाईक नको म्हणतं तेव्हा त्याचे डोळे कुठे जातात, बैलवाला शपथ घेतो तेव्हा पापणी लवते का. मला वाटायचं, धंदा म्हणजे हेच. हे ज्याला येत नाही त्याचं माझ्यामागे कसं होणार? मी आधी जाणार आणि तू मागे राहणार, असंच मी धरून चाललो होतो.

चार महिन्यांची दोन वर्षं झाली. काय काय शिकवलं तुला! समोरच्याच्या डोळ्यात बघून मनात तीन मोजायचं. हसायचं. हात पुढे करायचा. 'कसे आहात?' विचारायचं. आता आपल्या तांड्यावर 'कसे आहात' कोण म्हणतं? राम राम म्हणतात आणि पाणी देतात. हात हलवायचे नाहीत, त्याला ते 'शांत हात' म्हणायचे. आणि आवडीच्या विषयावर दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलायचं नाही, समोरचा कंटाळतो.

तू सगळं शिकलास. शिकायला तू कधीच कच्चा नव्हतास. जीपमधून उतरलास की सरळ गोठ्यात जायचास आणि डोक्यावर रिकामं पोतं ओढून दिवस मावळेपर्यंत पडून राहायचास. मी आळशी म्हणायचो. पोत्याच्या आतून तू एकदा म्हणालास, "दादा, डोळ्यात बघितलं की मला ऐकू येत न्हाई. दोन्हीपैकी एकच व्हतं. तुमाला काय पाहिजे ते सांगा, बघू का ऐकू?" मी म्हणालो, जास्त शहाणपणा करू नको. तुझ्या आयुष्यातला सगळ्यात खरा प्रश्न तू विचारला होतास आणि मी असं उत्तर दिलं.

याडीच्या लक्षात माझ्याआधी आलं. आईच ती. पूर्वी तू तिच्या चुलीपुढे बसून लाल कंधारी बैलाची शिंगं कशी वळतात, दात कितव्या वर्षी जुळतात, कुठल्या खोंडाला काय खोड आहे, हे भाकरी संपेपर्यंत सांगायचास. तिला त्यातलं निम्मं कळायचं नाही, पण भाकऱ्या तव्यावर भरभर पडायच्या. वर्ग सुरू झाला आणि तू दोन वाक्यं बोलून गप्प बसायला लागलास. ती म्हणायची, पुढं? तू म्हणायचास, "दोन झाले." एक दिवस ती हातातलं पीठ तसंच ठेवून माझ्यावर ओरडली, "बोलतं लेकरू नेलंस अन् मुकं करून आणलंस. काहून नेलंस?"

तरीही मी नेत राहिलो. एकदा ठरवलेला सौदा मोडायचा नाही, असा माझा ताठा.

तो मोडला जीपच्या थांब्यावर. त्या सोमवारी तू जीपमध्ये चढायला तयार नव्हतास. "मी दमलो," एवढंच म्हणत होतास. जीप भरलेली, माणसं ओरडतायत, मी तुझं मनगट धरून ओढतोय, तू खाली बसलास. मी तुझ्या थोबाडीत मारली. चारचौघांत, बावीस वर्षांच्या भावाला.

तू उठलास. माझ्या डोळ्यात बघितलंस. टिकली नव्हती तिथे, खरंच डोळ्यात. एक, दोन, तीन. मग हसलास, हात पुढे केलास आणि म्हणालास, "कसे आहात दादा?"

जीपमधली माणसं हसली. त्यांना वाटलं पोरगं गंमत करतंय. दोन वर्षांत तुला काय शिकवलं गेलं ते मला त्या तीन आकड्यांत कळलं. आत काय चाललंय ते आत दाबायचं आणि मारणाऱ्याला बरं वाटेल असं तोंड करायचं. जीपवाल्याला म्हणालो, जा तू. आपण चालत घरी आलो. वाटेत तू तीन मैल बैलांवर बोललास, आणि मी मध्ये एकदाही बोललो नाही.

त्या थापडेबद्दल मी तुझी माफी मागितली नाही. एकदा गोठ्यात सुरुवात केली होती, "देवा, त्या दिवशी थांब्यावर..." तू म्हणालास, "दादा, बैल पान्यावर न्यायचा राहिला." मग तेही राहिलं.

आता तुझ्या बाजाराचं सांगतो, कारण फ्लेक्स वाचणाऱ्यांना ते माहीत नाही. आपल्याकडे बैलाचा भाव तोंडाने ठरत नाही. खांद्यावरची दस्ती दोघांच्या हातांवर टाकायची आणि खाली बोटं धरून आकडा सांगायचा. वर तोंडाने वाट्टेल ती नाटकं चालू. त्या नाटकांत लिंबाजीमामा व्यापाऱ्याचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नाही. छाती बडवतो, नातवाची शपथ घेतो, डोळ्यात पाणी आणतो, उठून चालू लागतो. मी त्याच्याशी दरवेळी हरायचो, कारण मी त्याच्या तोंडाकडे बघायचो, आणि बघता बघता माझं डोकं तापायचं.

त्या मंगळवारच्या बाजारी डोंगरकडा गावच्या एका शेतकऱ्याची जोडी आपल्याकडे विकायला होती. लिंबाजीमामा घेणार. मी शब्दाला शब्द वाढवून भांडण उभं केलेलं, सौदा मोडायच्या बेताला. तू कासरा धरून उभा होतास. शेतकरी म्हणाला, "ह्या धाकल्याला बघू द्या की." मी रागातच दस्ती तुझ्याकडे फेकली.

पहिलं काय केलंस? जोडीची खोड सांगून टाकलीस. "मामा, ह्यातला तांबडा डावीकडं जुंपू नका. बुजतो." मी कपाळावर हात मारला. दलाल स्वतःच्या मालाची खोड सांगतो, हे त्या बाजाराने पहिल्यांदाच ऐकलं. मग दस्तीखाली तुमची बोटं गेली. मामाने सगळा खेळ मांडला. शपथ झाली, छाती झाली, डोळ्यात पाणीही आलं. तू बैलाच्या शिंगाकडे बघत उभा.

"अरे, माझ्याकडं बघ तरी!" मामा ओरडला.

"बोटं खाली हायत मामा," तू म्हणालास, "वर काय बघू?"

बाजार खदखदा हसला. मामा दस्ती झटकून वीस पावलं गेला. तू हात तसाच पुढे धरून थांबलास. कुणी गेलं की हाक मारायची असते, हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. मामा परत आला. "पोरा, खोड हाय म्हनतोस ना? मग कमी कर."

"खोड धरूनच भाव लावलाय. आता कमी कशाचं?"

मामाने परत दस्तीखाली हात घालून बराच वेळ तुझ्या बोटांचा अंदाज घेतला. ती हलली नाहीत. मग दस्ती काढून शेतकऱ्याला म्हणाला, "सोड जोडी." आणि माझ्याकडे वळून, "तुझ्यासंगं आता मी बसणार न्हाई. ह्याच्यासंगं बसन. ह्याच्या तोंडावर काहीच लिहेल न्हाई, म्हनून खोटं पन लिहेल न्हाई."

त्यानंतर आपल्या जिल्ह्यातल्या गोरेगावपासून औंढ्यापर्यंतची माणसं तुझं नाव विचारत यायची. विकणाराही म्हणायचा देवाला बोलवा, घेणाराही म्हणायचा देवाला बोलवा. मी वीस वर्षं तोंड वाजवून दलाल झालो. तू शिंगाकडे बघत बघत माझ्यापुढे गेलास. मला जळायला पाहिजे होतं. पण मी बाजारभर सांगत फिरायचो, माझा भाऊ आहे तो.

केंद्राला हे कळलं. त्यांनी तुला पालकांच्या मेळाव्यात बोलायला बोलावलं. मी नको म्हणालो. तू म्हणालास, "जातो. मला इचारायचं हाय." स्टेजवर तू अर्धा पाठमोरा उभा राहिलास आणि कागदावरून वाचलंस. तो कागद माझ्याकडे आहे. ह्यात एक शब्दही माझा नाही:

"मला इथं बोलणं शिकवलं नाही, बोलताना कसं दिसायचं ते शिकवलं. दिसायला इतकी ताकद लागायची की बोलायला उरत नव्हती. बाजारात मला कुणी दिसायला सांगत नाही, म्हणून मला माणसं कळतात. सामाजिक म्हणजे दोन्ही बाजूंचं असतं. सौदा दोन हातांचा असतो. तुम्ही माझ्या हाताला दोन वर्षं शिकवलं. समोरच्या हाताला एक दिवस तरी शिकवलं का? मी डोळ्यात बघत नाही म्हणजे खोटा नाही, हे त्यांना कोण शिकवणार?"

मग मागून प्रज्ञा उठली. हिंगोलीचीच मुलगी, तुझ्याच वर्गातली, तोंडाने फार बोलत नाही, मोबाइलवर लिहून ऐकवते. तिचा मोबाइल बोलला, "मलाही हेच विचारायचं आहे. माझे हात हलतात तेव्हा मी खूश असते. तुम्ही माझा आनंद शांत करायला शिकवला." इरफान उठला, कळमनुरीचा. तो म्हणाला, "मेरा थोडा अलग है. बसमध्ये जागा मागायला, डॉक्टरला कुठं दुखतं ते सांगायला इथं शिकलो, ते कामाला आलं. मी सांगितलं होतं मला हे शिकायचंय. जे मला न इचारता शिकवलं, ते सगळं तकलीफ झालं." तू मान डोलावलीस. परत येताना म्हणालास, "इरफानचं बराबर हाय. शिकवणं वाईट न्हाई. इचारत न्हाईत, ते वाईट."

मॅडम म्हणाल्या, "छान प्रश्न. उत्तर नंतर देऊ." आणि माइक दुसऱ्याच्या हातात गेला. पण तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका बाईने आपल्या लेकराच्या हातांवर दाबून धरलेला हात काढून घेतला. लेकराचे हात पाखरासारखे उडाले. ते मी बघितलं. तू बघितलं नसशील, तू पंख्याकडे बघत होतास. तुझा केवढा मोठा विजय झाला ते मी तुला जीपमध्ये सांगितलं, तर म्हणालास, "उत्तर तर दिलं न्हाई." तू वर्षभर वाट बघितलीस. नंतर म्हणजे नंतर, असंच तू समजलास. दिलेला शब्द माणसं मोडतात, हे मी तुला कितीही सांगितलं तरी तुला पटायचं नाही.

आपलं एक भांडण अर्धंच राहिलं. तू म्हणायचास, "दादा, तू पन माझ्यासारखाच हायस. फक्त तू ओरडतोस अन् मी पोतं घेतो." मी दरवेळी ओरडून नाही म्हणायचो. तू म्हणायचास, "बघ." हे मी अजून मान्य केलेलं नाही. विचार करतोय.

तुझ्या दिवसांना माणसं मावली नाहीत अंगणात. लिंबाजीमामा आला आणि आयुष्यात पहिल्यांदा काही नाटक न करता बसला. प्रज्ञा आणि इरफान आले. मंगळवारी बाजार उठल्यावर तुम्हा तिघांची बैठक असायची ना आपल्या गोठ्याजवळच्या निंबाखाली, कुणी कुणाला कसे आहात विचारायचं नाही, कुणी कुणाकडे बघायचं नाही, तशीच ती दोघं बसली. कुणीतरी बाई कुजबुजली, ह्यांना दुःख कळत नसेल. प्रज्ञाने मोबाइल वर धरला. "मी रडत नाही म्हणून मला वाईट वाटत नाही असं समजू नका. आम्ही दिवसभर इथेच बसणार आहोत." आणि बसली. रडून गेलेल्या पाहुण्यांच्या जीपा निघून गेल्या तरी ती दोघं बसलेली होती. याडी त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, बैलांचं काही येत असेल तर सांगा. इरफानला बैलांचं काही येत नाही. त्याने तिला एसटीच्या गाड्यांचं सगळं वेळापत्रक सांगितलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

फ्लेक्स उतरला, देवा. मी एवढा आरडाओरडा केला की दुसऱ्या दिवशी उतरवला. मॅडम म्हणाल्या, भाऊ, तुमच्या भावना दुखावल्या असतील तर चुकलं. आधी 'यश' काढून 'विद्यार्थी' करू म्हणत होत्या, मग सगळाच काढला. मी ओळखलं. स्वस्तातली वस्तू चटकन देऊन टाकायची म्हणजे महागातली कुणी मागत नाही, हा माझाच धंदा आहे. मला फ्लेक्सवर कटवता येणार नाही. मॅडम वाईट बाई नाहीत, हे तूच म्हणायचास. त्यांनाही कुणीतरी असंच शिकवलेलं आहे. असेल. पण त्या जिन्यावरून आजही लेकरं वर जातायत आणि त्यांच्या आया खाली चपला सांभाळत बसल्यात.

म्हणून येत्या मेळाव्याला मी जाणार, प्रज्ञा आणि इरफान येणार, लिंबाजीमामा म्हणतो मीपण येतो, बघू कोण उठून जातं ते. तुझा कागद प्रज्ञाचा मोबाइल वाचून दाखवेल. मी तोंड उघडणार नाही, हे मी याडीला कबूल केलंय. तू विचारलंस ते नीट विचारलंस, त्यात मला भर घालायची नाही.

मॅडम, देविदासने तुम्हाला भर सभेत विचारलं होतं आणि तुम्ही नंतर म्हणाला होतात. त्याने तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि वाट बघत बघत तो गेला. जी लेकरं आत्ता तुमच्यासमोर बसली आहेत, त्यांना काय शिकायचं आहे हे तुम्ही त्यांना विचारलं का? आणि त्यांच्यासमोर उभ्या राहणाऱ्या आम्हा सगळ्यांना तुम्ही कधी शिकवणार? लेकरांच्या देखत, त्यांच्या आयांच्या देखत, माइक खाली न ठेवता उत्तर द्या.